बोअरचं पाणी गोड, डाळ पटकन शिजते आणि फ्लोराइड २.९

"पाणी तपासलं का" असं आमच्या गावात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, हो ना, टीडीएस बघितला, चारशेच्या घरात आहे, एकदम ओके पाणी. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचा पेनाएवढा मीटर येतो तो, ग्लासात बुडवायचा, आकडा बघायचा, झालं. तर आमच्या बोअरचा टीडीएस ४७० होता, लॅबच्या रिपोर्टमध्येही जवळपास तोच आला, म्हणजे मीटर काही खोटं सांगत नव्हता. पण त्याच पाण्यात फ्लोराइड लिटरमागे २.९ मिलीग्रॅम निघालं, जिथे १.५ च्या वर गेलेलं पाणी प्यायचंच नाही असं स्टँडर्ड आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतेय. पूर्ण केमिकल तपासणी कशी करायची, कॅन कसा भरायचा, आलेला रिपोर्ट कसा वाचायचा हे एका जागी कोणी सांगत नाही, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि बोअरचं पाणी पितात त्यांनी तरी हे करावंच असं मला अगदी मनापासून वाटतं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, पांढरकवड्याकडचं गाव. घराला जुनी विहीर आहे, मामाजींच्या (माझ्या सासऱ्यांच्या) वडिलांच्या काळातली. ती एप्रिल-मे मध्ये तळाला जाते म्हणून काही वर्षांपूर्वी अंगणात बोअर मारला, २६० फूट, पाणी भरपूर लागलं. आणि पाणी इतकं छान की काय सांगू. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागायचा, साबणाला फेस यायचा नाही, गंजाला (पातेल्याला) आतून पांढरा थर धरायचा. बोअरच्या पाण्यात वरण दोन शिट्ट्यांत तयार, भांडी स्वच्छ, केस मऊ. आत्याबाई (सासूबाई) तर शेजारच्या बायांना बोलावून बोलावून पाणी द्यायच्या. हे डाळ शिजण्याचं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गोष्ट त्याच्यापाशीच येते.

मुलीचे पुढचे पक्के दात आले तेव्हा त्यांच्यावर पांढरे, मातकट असे आडवे पट्टे दिसले, डाव्या-उजव्या दोन्ही दातांवर सारखेच. दूध कमी पडत असेल असं घरात सगळ्यांचं मत. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी दात बघून कीड वगैरेचं काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न, "घरी पाणी कुठलं पिता? बोअरचं का?" ते म्हणाले की पक्के दात बाहेर यायच्या आधी हिरडीच्या आत तयार होत असतात, साधारण आठ वर्षांपर्यंत हे काम चालू असतं, त्या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेलं की दातावरचं कवच नीट बनत नाही, मग असे पट्टे येतात, पुढे ते पिवळे-तपकिरी पण होऊ शकतात. एकदा आलेला पट्टा पाणी बदलून जात नाही. मला तिथे बसल्या बसल्या पहिला विचार धाकट्याचा आला, तो तीन वर्षांचा, त्याचे पक्के दात आत्ता आत बनतायत. डॉक्टर म्हणाले आधी फ्लोराइड तपासून घ्या, पाणी कळलं की पुढचं ठरवता येईल.

घरी येऊन सांगितलं तर मामाजींना पटेना. "अवं सूनबाई, पाणी तं काचेवानी हाये, वास नाई, चव गोड, त्यात काय निघन?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, या प्रमाणात चवही नाही. डोळ्याला, जिभेला काहीच कळत नाही, तपासल्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

हे चालू असतानाच एक आरओ फिल्टर विकणारा दारात आला, आणि त्याने जे करून दाखवलं ते इथे सांगितलंच पाहिजे कारण अजूनही गावोगावी लोक याच्यावर घाबरून दहा-पंधरा हजार घालतात. दोन ग्लास, एकात आपलं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. वर एक छोटं यंत्र, त्याच्या धातूच्या कांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या, बटण दाबलं, मिनिटभरात आपल्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ, आणि आरओच्या पाण्यात जवळजवळ काही नाही. "बघा मॅडम, हे तुम्ही पोरांना पाजता." आत्याबाई एकदम घाबरल्या. मी बीएस्सी केमिस्ट्री केलेली आहे, मी त्याला विचारलं कांड्या कसल्या आहेत, तो गप्प. ते साधं इलेक्ट्रोलिसिस असतं. कांडी लोखंडाची असते, क्षार असलेल्या पाण्यातून करंट जातो, लोखंड विरघळून त्याचा गाळ होतो, तो गाळ पाण्यात नव्हताच, कांडीतून आला. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात म्हणून करंट जवळजवळ जात नाही म्हणून गाळ नाही. उत्तम पाण्यातही तो गाळ येणार, आणि फ्लोराइड किती आहे हे त्यातून काहीच कळणार नाही. आरओ वाईट असं मी म्हणत नाही, पण कशासाठी घ्यायचा ते आधी कळायला हवं ना, आणि ते त्या दोन ग्लासांतून कळत नाही.

पहिली पायरी ग्रामपंचायतीतच झाली. २०१९ ला जल जीवन मिशन सुरू झालं तेव्हापासून गावागावात पाणी तपासणीची किट आली आहेत, एफटीके म्हणजे फील्ड टेस्ट किट म्हणतात, आणि प्रत्येक गावात पाच बायांना ती वापरायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे. आमच्या बचत गटातल्या एक काकू त्यातल्याच. किट पेटीत पडून होती पण औषधांची एक्सपायरी बघितली, चालू होती (हे बघाच, जुन्या रिएजंटने काहीही रंग येतो). काकूंनी बाटलीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, फ्लोराइडचं औषध टाकलं, हलवलं, थोडं थांबल्या आणि रंगाच्या कार्डाशेजारी धरलं. फ्लोराइड नसेल तर रंग गुलाबी राहतो, जसजसं जास्त तसा तो पिवळ्याकडे जातो. आमचा पिवळाच झाला. मग त्यांनी स्वतःच शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी आणून लावलं, ते गुलाबीसर राहिलं. दोन्ही बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मामाजी स्वतः येऊन बघून गेले आणि काही बोलले नाहीत. पण काकूंनी स्पष्ट सांगितलं, हा फक्त इशारा आहे, पक्का आकडा लॅबचाच.

लॅब म्हणजे आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा असतात, ग्रामपंचायतीचे नमुने तिकडेच जातात, आणि खाजगी माणूसही ठरलेली फी भरून आपलं पाणी देऊ शकतो. हे कितीतरी लोकांना माहीतच नाही. खाजगी लॅबही आहेत, फक्त एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का आणि ती पाण्याच्या याच तपासण्यांसाठी आहे का ते विचारून घ्या. मी आधी फोन करून सगळं विचारून घेतलं, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण नमुना चुकीचा घेतला तर पुढचं सगळं वाया.

केमिकलसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन. प्लास्टिकच, काच नको, फ्लोराइड काचेशी जमवून घेत नाही. कॅन नवा असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याचीच बाटली, पण तेलाची, फिनाइलची, ॲसिडची कधीच नाही. आणि साबणाने धुवायचा नाही, साबणाचा अंश राहिला तरी आकडे बिघडतात, ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवायचा. बोअरचा नमुना टाकीतून घ्यायचा नाही, फिल्टरच्या पुढून तर नाहीच, थेट बोअरच्या पाइपाला. मोटर दहा-एक मिनिटं चालू ठेवायची म्हणजे पाइपात उभं राहिलेलं शिळं पाणी निघून जातं आणि खालचं खरं पाणी येतं. हातपंपही तसाच आधी मारून घ्यायचा. विहिरीत कडेला तरंगणारं नको, तळाचा गाळ ढवळायचा नाही, मधोमध बादली सोडायची. कॅन काठोकाठ भरायचा, वर हवा राहू द्यायची नाही, झाकण घट्ट. लेबलवर मार्करने लिहायचं आणि वरून चिकटपट्टी मारायची, पेनाची शाई ओल्या हाताने पुसली जाते. गाव, तालुका, मालकाचं नाव, बोअर की विहीर की हातपंप, खोली किती, तारीख, वेळ. खोली लिहायचा लोक कंटाळा करतात पण रिपोर्ट समजून घेताना तीच सगळ्यात कामाला येते.

जंतूंची तपासणी वेगळी, तिची बाटली लॅबच देते, निर्जंतुक केलेली, आत थोडं औषध असतं ते पाण्यातल्या क्लोरीनला मारतं. ती बाटली अजिबात धुवायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. केमिकलच्या कॅनला एवढी घाई नसते, पण नायट्रेट (शेणखत, सांडपाणी, युरियातून पाण्यात उतरणारा क्षार) बघायचं असेल तर तोही सावलीत, थंड ठेवून लवकर द्यायचा. आम्ही थर्माकोलच्या डब्यात बाटल्या ठेवल्या, कॅन ओल्या पोत्यात गुंडाळले आणि नमुना घेतला त्याच दिवशी नेऊन दिले. मी तीन ठिकाणचं पाणी दिलं, आमचा बोअर, आमची विहीर आणि शाळेजवळचा हातपंप. एकटा बोअर दिला असता तर फक्त वाईट बातमी कळली असती, दुसरं पाणी कुठलं प्यायचं ते कळलं नसतं.

लॅबमधल्या केमिस्ट मॅडमना मी सांगितलं की मी पण केमिस्ट्रीची आहे, बघू देता का, तर त्यांनी खुशाल उभं राहू दिलं. मला तिथे जे दिसलं त्याने माझं तरी सगळं उलगडलं. कठीणपणा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजताना त्यांनी ५० मिली पाणी शंकूच्या फ्लास्कमध्ये घेतलं, बफर टाकलं, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी नावाची रंग दाखवणारी पूड, पाणी दारूसारखं लाल. मग ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं द्रावण. विहिरीच्या पाण्याला ते पडतच राहिलं, पडतच राहिलं, २१ मिलीला जाऊन लाल गेलं आणि स्वच्छ निळा रंग आला. आमच्या बोअरच्या पाण्याला ४.६ मिलीतच निळं. या पद्धतीत मिलीला वीसने गुणायचं, म्हणजे विहिरीचा कठीणपणा ४२० आणि बोअरचा फक्त ९२. मी म्हटलं बघा, किती चांगलं पाणी आहे बोअरचं. तर मॅडम म्हणाल्या, "ताई, इकडच्या भागात असं मऊ पाणी आणि पीएच आठच्या वर दिसला ना, की मी सगळ्यात आधी फ्लोराइड लावते."

त्याचं कारण त्यांनी असं समजावलं. फ्लोराइड खडकातून येतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे, पण पूर्वेकडे, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, आणि नांदेडमध्ये किनवटकडे, ग्रॅनाइटसारखे फार जुने खडक आहेत, त्यांच्यात फ्लोराइडची खनिजं असतात, आणि आमच्या यवतमाळमध्येही केळापूर, झरी, वणीकडे हा त्रास जुना आहे. पाणी खोल खडकात जितकी वर्षं मुरतं तितकं ते विरघळवत जातं. आता पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम आणि फ्लोराइड एकमेकांना धरून खाली बसतात, पाण्यात फ्लोराइड फार वाढू शकत नाही. पण खोलवरच्या पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम कमी होत जातं, त्याची जागा सोडियम घेतं, पाणी मऊ होतं, अल्कलाइन होतं (म्हणजे पीएच वाढतो), आणि मग फ्लोराइडला अडवणारं कोणी उरत नाही. म्हणजे ज्या गुणामुळे डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, त्याच गुणामुळे फ्लोराइड पाण्यात टिकून राहतं. मऊ पाणी म्हणजे फ्लोराइड असणारच असं नाही हं, पावसाचं पाणीही मऊच असतं. पण आमच्या भागात खोल बोअरचं पाणी फार गोड आणि मऊ लागलं तर खुश व्हायच्या आधी तपासून घ्यावं, एवढं तर नक्की.

फ्लोराइड त्यांनी स्पॅड्नस नावाच्या रंगाच्या पद्धतीने मोजलं. लालभडक द्रावण असतं, फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग फिका पडतो, आणि किती फिका पडला ते डोळ्याने नाही तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५७० नॅनोमीटरला मोजतात, शेजारी माहीत असलेल्या फ्लोराइडचे नमुने लावून ग्राफ काढलेला असतो त्याच्याशी जुळवतात. हातपंपाचं आणि विहिरीचं सरळ निघालं. आमच्या बोअरचं त्या ग्राफच्या बाहेर गेलं, कारण ही पद्धत साधारण १.४ पर्यंतच नीट चालते, मग मॅडमनी डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करून पुन्हा लावलं. तेव्हाच मला अंदाज आला.

रिपोर्ट काही दिवसांनी मिळाला. तो वाचायचा कसा ते सांगते कारण पहिल्यांदा बघितलं की नुसते आकडे आकडे दिसतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं स्टँडर्ड म्हणजे आयएस १०५००, २०१२ चं. त्यात प्रत्येक घटकाला दोन मर्यादा असतात, एक स्वीकारार्ह, आणि दुसरी, दुसरं पाणीच नसेल तर चालवून घेण्याची. टीडीएस ५०० आणि २०००. कठीणपणा २०० आणि ६००. क्लोराइड २५० आणि १०००. फ्लोराइड १ आणि १.५. पण नायट्रेटला एकच, ४५, त्याच्या पुढे सूट नाही. पीएच ६.५ ते ८.५, तिथेही सूट नाही. पीएच सोडून हे सगळे आकडे लिटरमागे मिलीग्रॅममध्ये. फ्लोराइडच्या बाबतीत मॅडम म्हणाल्या की १.५ ला चालतं असं धरून बसू नका, आपल्याकडे ऊन, शेतात काम करणारा माणूस दिवसाला कितीतरी पाणी पितो, जमेल तितकं एकच्या आत बघा.

आमचा बोअर: पीएच ८.३, टीडीएस ४७०, कठीणपणा ९२, कॅल्शियम १८, नायट्रेट ६, फ्लोराइड २.९. विहीर: पीएच ७.४, टीडीएस ६९०, कठीणपणा ४२०, कॅल्शियम ९८, फ्लोराइड ०.६, पण नायट्रेट ६८. शाळेचा हातपंप: टीडीएस ५४०, कठीणपणा २६०, नायट्रेट ३१, फ्लोराइड १.२. आता नुसता टीडीएस बघून पाणी निवडलं असतं तर तिन्हीत सगळ्यात चांगला आमचा बोअरच ठरला असता! टीडीएस म्हणजे पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज, त्यात ४७० पैकी २.९ कुठे दिसणार. आणि हेही लक्षात घ्या की ६९० वाल्या विहिरीत फ्लोराइड पाचपट कमी आहे.

जाता जाता एक, रिपोर्टवर विश्वास ठेवायच्या आधी एक हिशोब करून बघता येतो. कॅल्शियमला अडीचने गुणा, मॅग्नेशियमला ४.१ ने, दोन्हीची बेरीज कठीणपणाच्या आसपास यायला हवी. आमच्या बोअरचं मॅग्नेशियम ११.४ होतं, १८ चे ४५ आणि ११.४ चे ४७, बरोबर ९२. अशी बेरीज खूपच हुकत असेल तर लॅबला विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

विहिरीच्या नायट्रेटचं मला जास्त वाईट वाटलं कारण ते आमच्याच हाताने आलेलं. विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा, त्याला लागून शेणखताचा उकिरडा, थोडं पुढे संडासाचा शोषखड्डा, आणि कुंपणापलीकडे कपाशीला युरिया. हे सगळं पावसाबरोबर मुरून विहिरीत उतरतं. नायट्रेट सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना फार धोक्याचं, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं, आणि बाळाच्या दुधाची पावडर कालवायला आपण पाणी उकळून घेतो तेव्हा वाटतं आता शुद्ध झालं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही जात, फ्लोराइड पण नाही जात. उलट पाणी आटतं आणि दोन्हीचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून, कँडलच्या फिल्टरने, यूव्हीच्या दिव्याने यातलं काहीच फ्लोराइडवर चालत नाही. (तुरटीने फ्लोराइड काढायची रीत आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नालगोंडा पद्धत, पण तिच्यात चुना आणि बरीच जास्त तुरटी मोजून घालावी लागते, ढवळणं, गाळ बसवणं, आपण माठात तुरटी फिरवतो तसं ते नाही.) फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर मिळतात, आरओनेही दोन्ही निघतं, पण आतली मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) जुनी झाली की किती निघतंय ते परत तपासल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी फ्लोराइडसाठी आरओ बसवलाय त्यांनी आरओच्या नळाचंही पाणी वर्षातून एकदा लॅबला द्यावं.

आम्ही काय केलं, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला हातपंपाचं पाणी, बोअर धुण्या-भांड्याला, विहीर गुरांना आणि बागेला. "स्वयंपाकाला" वर जोर आहे. मामाजी म्हणत होते पिण्यापुरतं आणू, बाकी बोअरचं चालू दे, पण भात, वरण, चहा, कणीक, सगळं पाणीच पितं, आणि चहापत्तीतही मुळात फ्लोराइड असतं. सकाळी हांडे आणायचं काम वाढलं, खोटं कशाला सांगू, आत्याबाईंनी पहिले काही दिवस कुरकुर केली कारण डाळ पुन्हा वेळ घ्यायला लागली. त्यांना मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं की मोठ्या माणसांनीही असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, प्रमाण जास्त असलं, तर हाडं-सांधे आखडतात, आणि त्यांनीच मग गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची नावं घेतली ज्यांना मान वळवता येत नाही. त्यांचं कारण पाणीच आहे असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण त्यानंतर कुरकुर थांबली. मुलांना दूध, आवळा, हिरव्या पालेभाज्या वाढवायला सांगितलंय, पावसाळ्यात तर तरोट्याची (टाकळ्याची) भाजी दारातच उगवते.

उकिरडा आम्ही उताराच्या दुसऱ्या बाजूला हलवला. नायट्रेट त्याने लगेच उतरत नाही, मातीत मुरलेलं आधी सगळं खाली येतं. नोव्हेंबरमध्ये, पावसाळा संपल्यावर, तिन्ही ठिकाणचं परत दिलं, कारण पावसाआधी आणि पावसानंतर असे दोन्ही आकडे असल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. बोअर २.६ वर आला, हातपंप १.१, आणि विहिरीचं नायट्रेट ६८ वरून ७४. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या पावसाने वरचं धुऊन आत आणलंय, दर मोसमाला बघत राहा.

रिपोर्ट घेऊन मी ग्रामसभेत गेली होती. सरकारी हातपंप, नळयोजनेची विहीर, यांचे नमुने ठरलेल्या वेळापत्रकाने जातात, त्यांना नंबर आहेत, रजिस्टर आहे. पण घरोघरच्या खाजगी बोअरचं काय? ते कोणत्याच यादीत नाहीत, आणि आमच्या गावात आता अर्ध्याहून जास्त घरं त्यांचंच पाणी पितात. मी तिथे एवढंच मागितलं की काकूंच्या किटने आधी सगळ्या बोअरचं फ्लोराइड बघू, जिथे पिवळं येईल तिथलं लॅबला देऊ. सरपंचांनी किटचं नवं औषध मागवायला होकार दिला. काही लोक नाराजही झाले, आमच्या घराला नाव पडेल म्हणून, एकाने तर मुलीचं लग्न जमायचं आहे, आत्ता नको असं सांगितलं. त्यांच्या घरी आम्ही गुपचूप तपासलं, कागद त्यांच्याच हातात दिला.

आता चार-पाच घरचे कॅन जमले की एकाच गाडीने नेतो, भाडं वाटून घेतो. पहिल्या खेपेत मागच्या गल्लीतला बोअर ०.८ आला, तो ११० फुटांचा, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शाळेमागचा ३१० फुटांचा ३.४ आला. शेजाऱ्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आपलं पाणी चांगलं असं धरता येत नाही, प्रत्येक बोअर वेगळा. ०.८ वाल्या दादांनी कुंपणाबाहेर एक नळ काढून दिलाय, संध्याकाळी तासभर चालू असतो, गल्लीतल्या लहान मुलांच्या घरांना आधी पाणी. ३.४ वाल्यांकडे दोन मुलं आहेत, तेही तिथूनच भरतात. पुढचे कॅन मे मध्ये जातील, यादी काकूंकडे आहे.